व्ही कलेक्शन 9 वरून 11 वर जावं, की पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी? रुपयात खरा खर्च किती बसतो?

अमळनेर_ट्रॅक

राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर उत्तरंही अर्धवटच मिळतात.

काम: अहिराणी गाणी, हळदीचे आणि वरातीचे ट्रॅक, श्रावणात कानबाईची गाणी, अधूनमधून नंदुरबारकडच्या आदिवासी नाचगाण्यांचं, टिमली-रोडालीचं काम. मशीन: आय5-8250यू लॅपटॉप, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी (त्यात 90 जीबी मोकळी), विंडोज 10. डॉ (डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) म्हणून रीपर. आर्टुरियाचं व्ही कलेक्शन 9 (जुन्या सिंथ-कीबोर्डांच्या सॉफ्टवेअर प्रतिकृतींचा संच) रीतसर विकत घेतलेलं आहे. त्यातलं नेहमी लागतं ते मिनी, ज्युप-8, डीएक्स7, स्टेज-73 आणि पियानो. घाई असली की तयार आवाजांचं अ‍ॅनालॉग लॅब. बाकीची वाद्यं नुसती डिस्क अडवून बसलीत.

आता 11 येऊन बराच काळ झाला. विचारायचं ते असं:

एक, 9 वरून 11 वर जाण्यात या कामासाठी नेमकं काय मिळतं? दोन, साइटवर डॉलरमध्ये दिसणारा आकडा आपल्या खात्यातून जाताना किती होतो? तीन, त्यापेक्षा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या दुसऱ्या कंपनीचा संच, कोम्प्लीट, घ्यावा का? आणि चौथं जरा हौसेचं: पुढच्या आवृत्तीत तुम्हाला काय आलेलं हवंय?

क्रॅकचे सल्ले नकोत, कृपया.

---

हिशोबी_धुळेकर

खर्चाचं मी सांगतो, आवाजाचं बाकीचे सांगतील.

सगळ्यात आधी, जाहिरातीतला आकडा तुमच्यासाठी नाहीच. 11 प्रोची छापील किंमत 699 डॉलर, ती नव्या गिऱ्हाइकाची. तुम्ही तुमच्या आर्टुरिया खात्यात लॉगिन करून बघा. आधीचं लायसन्स पाहून तुमच्यापुरती वेगळी किंमत दिसते. ती सेलप्रमाणे वरखाली होते, म्हणून दुसऱ्या कुणाला "तुला कितीला पडलं" विचारण्यात अर्थ नाही. आणि 199 डॉलरचं 'इंट्रो' बघून हुरळू नका. त्यात 10च वाद्यं आहेत, 9 वाल्याला ते पुढचं पाऊल नाही, मागचं आहे.

आता रुपयाचा हिशोब. समजा अपग्रेड 199 डॉलरला दिसतंय आणि डॉलर 88 रुपये धरला:

199 × 88 = 17,512. परदेशी कंपनी भारतातल्या गिऱ्हाइकाला डाउनलोडचा माल विकते तेव्हा त्यावर 18 टक्के आयजीएसटी लागतो. साइट तो शेवटच्या पानावर जोडत असेल तर 3,152 वाढले, झाले 20,664. त्यावर कार्डाचा परकीय चलन मार्कअप, बऱ्याच कार्डांवर 3.5 टक्के, म्हणजे 723. त्या मार्कअपवर परत 18 टक्के जीएसटी, 130. एकूण साधारण 21,500. म्हणजे डॉलरला 88 नव्हे, 108 रुपयांनी माल पडला. हाच अपग्रेड सेलमध्ये 99 डॉलरला मिळाला तर याच रीतीने साधारण 10,700 होतात.

म्हणून किंमत पाहताना डॉलरच्या आकड्याला सरळ 108 ने गुणा (भाव बदलला की 88 च्या जागी नवा भाव घालून 1.23 ने गुणा). किंमत युरोत दिसत असेल तर तेच गणित युरोच्या भावाने करा. मार्कअप कमी असलेली कार्डंही मिळतात. शून्य टक्क्यावालं असेल तर वरच्या उदाहरणात साडेआठशे रुपये वाचतात.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलिंगच्या पानावर जीएसटीआयएन टाकायची सोय आहे का ते बघा. मग कर विक्रेता लावत नाही, तुम्ही रिव्हर्स चार्जने भरता आणि नियमात बसेल तसं क्रेडिट घेता. हे सीएला विचारूनच करा.

पेमेंट अडतं ते बहुतेक दोनच जागी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 2020 पासून नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच येतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करायचा, मर्यादा थोडी वर ठेवायची, काम झालं की परत बंद. आणि सहकारी बँकेचं साधं रुपे कार्ड अशा साइटवर सहसा चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डच लागतं. महिन्याच्या वर्गणीवाली सॉफ्टवेअरं तर अजूनच डोकेदुखी: ऑक्टोबर 2021 पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ई-मँडेट (बँकेकडे आधी नोंदवलेली मंजुरी) लागतो, आणि परदेशी विक्रेता त्या व्यवस्थेत नसला तर दुसऱ्याच महिन्यात पेमेंट पडतं. वर्गणी घ्यायचीच असेल तर वर्षाची एकदम भरा.

खरेदीची वेळ: नोव्हेंबरचा ब्लॅक फ्रायडे सगळ्यांचाच, आणि जूनच्या आसपास उन्हाळी सेल बऱ्याच जणांचा. आपली लग्नसराईची वसुली जूनपर्यंत हातात येते, तो योग बरा जुळतो.

---

सातपुडा_सिंथ

दादा, 9 नंतर काय काय आलं ते तुमच्या कामाच्या नजरेने बघू.

एक्स, म्हणजे दहावी आवृत्ती, आलं डिसेंबर 2023 मध्ये, 39 वाद्यं. नव्यात अ‍ॅसिड व्ही (टीबी-303), सीपी-70 व्ही, मिनीब्रूट व्ही, ऑगमेंटेड मालिकेतली काही, आणि वुर्ली (इलेक्ट्रिक पियानो) नव्याने बांधलेली. 11 आलं एप्रिल 2025 मध्ये, 45 वाद्यं: जेयूपी-8000 व्ही, सिंथएक्स व्ही, प्युअर लोफाय, ऑगमेंटेडची भर, आणि एसईएम नव्याने.

यातलं वरातीच्या ट्रॅकला थेट उपयोगी एकच, जेयूपी-8000. तो जाडजूड पसरट डीजे लीड, ज्याला सगळे सुपरसॉ म्हणतात, तो मूळचा रोलँडच्या जेपी-8000 चा. सीपी-70 कानबाईच्या गाण्यात छान बसेल, पण तुमचा स्टेज-73 ते काम करतोच. अ‍ॅसिड व्ही आखाजीच्या गाण्यात कोण वाजवणार, तुम्हीच सांगा.

आणि सुपरसॉसाठी वीस हजार घालायची गरज नाही. व्हायटल नावाचा सिंथ फुकट मिळतो. त्यात एका ऑसिलेटरवर साधी सॉ लहर घ्या. युनिसन (एकाच सुराच्या एकत्र वाजणाऱ्या प्रती) 7 आवाज (मूळ यंत्रातही सात सॉ आहेत). डिट्यून, म्हणजे त्या प्रतींच्या सुरांतला फरक, 15 ते 25 टक्क्यांत. फेज रँडम पूर्ण 100, नाहीतर प्रत्येक सुराला सुरुवातीला 'टक्' असा एकसारखा ठोका ऐकू येतो आणि जिवंतपणा जातो. मग एक हायपास (खालचा भाग कापणारा) फिल्टर लावून त्याचा की-ट्रॅक पूर्ण ठेवा, म्हणजे सूर वर गेला की फिल्टरही वर जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं. हायपास नसला तर खालच्या सुरांत सात सॉ एकमेकांत भिडून गढूळपणा येतो आणि ढोलाच्या जागेवर आक्रमण होतं. रिव्हर्ब शेवटी, तोही थोडा. डीजेच्या गाडीवर रिव्हर्ब सगळा चिखल करतो.

टिमली-रोडालीचा लीड तर तुमच्याकडे आत्ताच आहे. मिनीत मोनो आणि लेगाटो, एक सॉ आणि एक स्क्वेअर सप्तकभर वर, दुसऱ्याचा आवाज निम्म्यावर. ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायचा वेळ) 40 ते 60 मिलिसेकंद, फिल्टर 2 ते 3 किलोहर्ट्झच्या दरम्यान, रेझोनन्स कमी. पिच बेंड दोन्ही बाजूला 2 सेमीटोन. स्टेजवरचे वादक सगळी गंमत बेंडच्या चाकावर करतात, तेव्हा बेंडची रेंज प्रोजेक्टमध्ये आधीच ठरवून टाका, रेकॉर्डिंगनंतर बदलली की सगळ्या हरकती बेसूर होतात. आणखी एक नेहमीची भानगड: मिडी आयटम (वाजवलेल्या सुरांच्या नोंदीचा तुकडा) मधूनच कापला आणि बेंड अर्ध्यावर राहिला, की पुढची ओळ अख्खी चढी किंवा उतरी वाजते. प्रत्येक आयटमच्या पहिल्या टिकवर पिच बेंडची शून्य किंमत टाकायची सवय ठेवा.

माझं मत: 11 सोडा. आवृत्त्या कधी आल्या बघा: सातवी एप्रिल 2019 मध्ये, आठवी डिसेंबर 2020 मध्ये, नववी मे 2022 मध्ये, एक्स डिसेंबर 2023 मध्ये, अकरावी एप्रिल 2025 मध्ये. दर दीड वर्षाला एक. याच चालीने पुढची 2026 च्या शेवटाकडे यावी. हा अंदाज, कंपनीचं वचन नव्हे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एक आवृत्ती सोडून अपग्रेड केलं तरी पैसे दुप्पट होत नाहीत, मग प्रत्येक पायरीवर पैसे कशाला?

---

भुसावळ_बफर

आवृत्तीचं सोडा भो, मशीन गरम हुई राहिनं का ते पहिले देखा.

आर्टुरियाची मागणी चार कोअर, 3.4 गिगाहर्ट्झ, टर्बोला 4.0 अशी आहे. 8250यू चे कोअर चार, पण मूळ वेग 1.6 आणि टर्बो 3.4. म्हणजे टर्बो पूर्ण लागला तरी जेमतेम काठावर. आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेर 44-45 अंश असताना तो टर्बो टिकत नाही. पहिली काही मिनिटं ट्रॅक सुरळीत चालतो, मग प्रोसेसर तापून वेग खाली आणतो आणि कडकड सुरू. लोकांना वाटतं प्लगइन खराब आहे.

तपासायचं असं. रीपरचा परफॉर्मन्स मीटर उघडा (कंट्रोल-अल्ट-पी) आणि सोबत टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघत तोच ट्रॅक वीस मिनिटं लूपवर लावा. वेग 2 च्या खाली घसरून कडकड सुरू होत असेल तर दोष उष्णतेचा. पंखा उघडून साफ करा, थर्मल पेस्ट बदला, लॅपटॉप मागून उचलून ठेवा, कूलरचा दमट झोत थेट मशीनवर घेऊ नका. तरी भागत नसेल तर पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 99 टक्के करा. टर्बो बंद होतो, वेग कमी पण स्थिर राहतो. रेकॉर्डिंगला स्थिरपणा महत्त्वाचा, एकदम उसळून पडणारा वेग काही कामाचा नाही.

मग बफर (मशीन एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा, सॅम्पलमध्ये मोजलेला): वाजवताना 128, मिक्स करताना 512. ज्युप-8 चे पॅड खूप खातात. पॉलिफनी (एका वेळी वाजणारे सूर) 8 वर आणा आणि रिलीज (बोट उचलल्यावर उरणारा आवाज) छाटा, कारण लांब रिलीजमुळे आधीच्या कॉर्डचे आवाजही पोटात चालूच राहतात. झालेला ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तो तयार ऑडिओ होऊन प्रोसेसरचा भार उतरतो. रीपरमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक करून स्टीरिओ फ्रीझ, लागलं तर अनफ्रीझ. हे नीट केलं तर याच मशीनवर 9 आरामात चालतं. 11 ची नवी वाद्यं टाकून ते हलकं होणार नाही.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आठवी पिढी ही इंटेलमधली विंडोज 11 ला अधिकृतपणे चालणारी सगळ्यात जुनी पिढी, तेव्हा तुम्ही थोडक्यात वाचलात. पण फॉरमॅट मारण्याआधी आर्टुरिया सॉफ्टवेअर सेंटरमधून वाद्यं डीअ‍ॅक्टिव्हेट करा. एका लायसन्सवर पाच मशीन चालतात, पण मेलेल्या मशीनवर अडकलेली जागा सोडवत बसायला नको. स्वतः बनवलेले प्रीसेट मेनूतून बँक म्हणून एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या.

आणि उद्या अपग्रेड केलंच, तर जुनी वाद्यं लगेच उडवू नका. मोठा आकडा बदललेलं वाद्य डॉ च्या दृष्टीने वेगळं प्लगइन असतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये वुर्ली व्ही2 असेल तर ते व्ही3 ला आपोआप उघडणार नाही, रीपर सरळ प्लगइन सापडत नाही म्हणेल. प्रोजेक्ट एकेक उघडून सिंथचे ट्रॅक 24 बिट वेव्हमध्ये रेंडर करून ठेवा, मगच जुनं काढा. गेल्या वर्षीचं गाणं "नवरदेवाचं नाव बदलून द्या" म्हणून परत येतंच, तेव्हा कळतं.

---

तापीकाठ

थोडा विरोधी सूर लावतो. वरच्यांनी कोम्प्लीटचा प्रश्न गिळूनच टाकला.

व्ही कलेक्शन म्हणजे मुख्यतः जुन्या सिंथ आणि कीबोर्डांच्या गणिती प्रतिकृती. कोम्प्लीटचा जीव कॉन्टॅक्ट नावाच्या प्लगइनमध्ये, म्हणजे सॅम्पलमध्ये, खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांत. तुम्हाला बासरी, शहनाई, तारवाद्यं, ऑर्केस्ट्रा जसाच्या तसा लागत असेल तर 11 काय आणि पुढचं काय, ऑगमेंटेड मालिकेतले मिश्र आवाज सोडले तर व्ही कलेक्शनमध्ये ते फारसं सापडणार नाही. पूर्ण कॉन्टॅक्ट असला की बाहेरच्या विक्रेत्यांच्या लायब्रऱ्याही उघडतात, फुकटच्या प्लेअरमध्ये त्यातल्या कित्येक उघडत नाहीत किंवा थोड्या वेळाने बंद पडतात. कोम्प्लीटची पंधरावी आवृत्ती सप्टेंबर 2024 मध्ये आली, तेव्हा स्टँडर्ड 599 डॉलर, अल्टिमेट 1199. धुळेकर दादांच्या गुणकाराने स्टँडर्डचे साधारण 65 हजार होतात. आधी फुकटचं कोम्प्लीट स्टार्ट टाकून बघा.

पण तुमच्या 90 जीबीत ते मावणार नाही. बाहेरची एसएसडी लागेल, यूएसबी 3 ची तरी. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला कायमचं एक अक्षर द्या, समजा एस. अक्षर दिलं नाही तर आधी पेनड्राइव्ह लावलेला असताना डिस्कचं अक्षर बदलतं, आणि कॉन्टॅक्ट म्हणतो लायब्ररी गायब. तेव्हा परत डाउनलोड मारू नका. नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये त्या लायब्ररीचा नवा पत्ता दाखवला की काम भागतं. डाउनलोड वाद्यागणिक निवडता येतं, मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर अख्खा बंडल ओढायचा विचारसुद्धा करू नका.

बंडलची खोडही सांगून ठेवतो. अपग्रेड लायसन्स हा मूळ लायसन्सला बांधलेला असतो. पुढे विकायचं म्हटलं तर साखळीतले सगळे एकत्रच द्यावे लागतात, आणि कीबोर्डसोबत फुकट आलेलं बरंचसं हस्तांतर होत नाही. वापरलेला कंट्रोलर ओएलएक्सवर घेताना सोबतचं सॉफ्टवेअर मिळेल असं धरून पैसे वाढवून देऊ नका.

---

अमळनेर_ट्रॅक

@भुसावळ_बफर लूप लावून पाहिला, वेग 1.7 वर आला आणि कडकड सुरू. उद्या पंखा उघडतो.

@तापीकाठ शहनाई, बासरी आम्ही वादक बोलावून घेतो, त्यामुळे कोम्प्लीट सध्या बाजूला. पण पावरीसोबत (आदिवासी फुंकवाद्य) सिंथ वाजवला की दोघं जुळतच नाहीत. यावर पुढच्या आवृत्तीत काही येईल का? आणि संबळ?

---

सातपुडा_सिंथ

पावरीला पुढची आवृत्ती नको, ट्यूनर पाहिजे. पावरी बनवणारा ए हा सूर बरोबर 440 हर्ट्झ धरून भोकं पाडत नाही. वादकाला मुख्य सूर लांब धरायला सांगा, ट्यूनरवर किती सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा-उतरा ते लिहून घ्या, आणि तेवढा सिंथचा मास्टर ट्यून हलवा. उलटं करू नका. पावरीचं रेकॉर्डिंग पिच-शिफ्टने ओढलं की फुंकेचा खरखरीतपणा, ज्यात खरी मजा आहे, तोच प्लास्टिकसारखा होतो. मधले सूरही वेगळे लागत असतील तर स्काला फाइलने (सुरांची अंतरं लिहिलेली फाइल) प्रत्येक सूर वेगळा लावता येतो. सर्ज एक्सटी हा सिंथ आणि व्हायटल दोन्ही ती फाइल घेतात, दोन्ही फुकट.

माझी खरी आशा इथेच आहे. बंडलमधल्या सगळ्या वाद्यांना एकाच जागेवरून ट्यूनिंग मिळावं. एमटीएस-ईएसपी नावाची पद्धत आहेच; एका प्लगइनमध्ये सूर लावले की ती ऐकणारी सगळी वाद्यं त्याच सुरात येतात. दुसरं, पंचेचाळीस वाद्यांऐवजी आपल्याला हवी ती आठ-दहा निवडून अपग्रेड करता यावीत. तिसरं, यूपीआयने पैसे भरता यावेत, पण त्याची वाट बघता बघता माझे केस पिकतील.

बाकी मोठ्या आवृत्तीला पैसे लागतातच असं नाही. एक्सफर रेकॉर्ड्सने सीरम सिंथची दुसरी आवृत्ती मार्च 2025 मध्ये काढली तेव्हा जुन्या सीरमवाल्यांना ती फुकट दिली.

संबळ मात्र आर्टुरियावाले फ्रान्सवरून पाठवणार नाहीत. स्वतःच करा: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, दोन्ही तोंडांना वेगळा माइक. प्रत्येक ठोक्याचे चार जोर आणि प्रत्येक जोराचे किमान चार नमुने. एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजला की मशीनगन होते. डिसेंट सॅम्पलर फुकट आहे, त्यात राउंड रॉबिन (नमुने आळीपाळीने वाजवणं) लावता येतो. ठोक्याच्या आधीची शांतता कापताना अगदी ठोक्यावर कापू नका, एक-दोन मिलिसेकंद आधी कापा आणि बारीक फेड द्या. ठोका संपल्यावरचा घुमारा पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा, नाहीतर जाड तोंडाचा सूर मध्येच तुटतो.

---

हिशोबी_धुळेकर

एक राहिलं. नोव्हेंबरमध्ये सेल बघून 11 घ्यायचा मोह होईल, आणि वरचा अंदाज खरा ठरला तर नवी आवृत्ती त्याच सुमाराला टपकेल. बऱ्याच कंपन्या नव्या आवृत्तीच्या अगदी आधी घेतलेल्यांना ती फुकट देतात, पण किती दिवसांची सवलत ते दरवेळी बदलतं. पैसे भरण्याआधी सपोर्टला मेल टाकून तेवढं लेखी विचारून घ्या, आणि खरेदीचं बिल पीडीएफमध्ये ठेवा. तारीख त्यावरूनच मोजतात.

---

अमळनेर_ट्रॅक

ठीक. 9 वरच राहतो, व्हायटल आणि सर्ज टाकतो. @सातपुडा_सिंथ संबळाच्या दोन माइकांत फेज बिघडतो, त्याचं काय?

---

सातपुडा_सिंथ

दोन्ही माइक आपापल्या तोंडापासून सारख्या अंतरावर, जवळच. माइकापासून स्वतःच्या तोंडाचं जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट तरी दुसऱ्या तोंडापासून असू द्या. मग रीपरमध्ये जाड तोंडाच्या ट्रॅकचा फेज उलटा करून दोन्ही एकत्र ऐका. ज्या स्थितीत खालचा सूर भरीव लागतो तीच ठेवा.